आक्काला दिलेलं रक्त

बाळ, तुझं पत्र मंगळवारी पोचलं. दोनदा वाचलं, मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं. तिथल्या डॉक्टरांनी तुझं रक्त तपासलं, ते आर.एच. निगेटिव्ह निघालं, तुझ्या नवऱ्याचं पॉझिटिव्ह आहे, म्हणून बाळंतपण झाल्यावर तीन दिवसांच्या आत एक इंजेक्शन घ्यावं लागेल असं त्यांनी सांगितलं. घरात पूर्वी कुणाला असं काही झालं होतं का, हेही विचारलं. तू तुझ्या आईला विचारलंस, आणि तिने ‘आजीला विचार, तिला सगळं माहीत आहे’ असं सांगितलं. पत्राच्या शेवटी तू सहज लिहिलं आहेस की पहिलंच मूल आहे, तब्येत ठणठणीत आहे, तेव्हा ते इंजेक्शन घ्यायचं की नाही हे अजून ठरवलेलं नाही. लहानपणापासून सुईची भीती वाटते, असंही.

ते शेवटचं वाक्य वाचून मी कपाटातून फुलस्केप कागद काढले. हे फोनवर सांगण्यासारखं नाही. वाचून झालं की तुझ्या भावालाही दे.

तुझी आई माझ्या पोटची नाही, हे तुम्हा दोघांना माहीत आहे. देवघराशेजारच्या भिंतीवर ज्या बाईचा फोटो आहे ती माझी थोरली बहीण, तुझ्या आईची आई. मी तिला आक्का म्हणायचे. तुमचे आजोबा आधी तिचे यजमान, म्हणजे माझे दाजी. ती गेल्यावर दीड वर्षाने माझं त्यांच्याशी लग्न झालं. ती कशाने गेली असं कुणी विचारलं तर घरात ‘बाळंतपणात’ एवढंच सांगितलं जायचं. पुढचं कुणी सांगत नव्हतं, कारण पुढचं घरच्यांपैकी फक्त मला माहीत होतं.

आम्ही बेळगावात खासबागेत राहायचो. वडील इंग्रजी शाळेत मास्तर होते. घराच्या मागच्या बाजूला उभं राहिलं की वडगावच्या विणकरांच्या मागांचा आवाज दिवसभर यायचा, इतका की तो थांबला तरच लक्षात यायचं. आक्का माझ्याहून चार वर्षांनी मोठी. देवी काढणारा, म्हणजे देवीची लस टोचणारा माणूस गल्लीत आला की मी धान्याच्या कणगीमागे लपायची. आक्का मला ओढून बाहेर काढायची, माझं तोंड स्वतःच्या पोटात दाबून धरायची आणि माझा हात त्या माणसापुढे करायची. ‘बघू नको गं, संपलं,’ म्हणायची. संपलेलं कधीच नसायचं. पण तिच्या परकराला चुलीच्या धुराचा वास असायचा आणि तो नाकात असेपर्यंत मी रडत नव्हते.

ती मराठी सातवी झाली आणि सतराव्या वर्षी लग्न होऊन निपाणीला गेली. दाजींच्या घरी तंबाखूची वखार होती. पहिल्यांदा मी तिथे राहायला गेले तेव्हा दोन दिवस नुसती शिंकत होते आणि आक्का माझ्याकडे बघून हसत होती. मी मात्र शिकत राहिले. मॅट्रिक, मग इंटर, मग मुलींच्या शाळेत इंग्रजी आणि आरोग्यशास्त्र शिकवायची नोकरी. आरोग्यशास्त्राचं पुस्तक इंग्रजीत होतं. ते मी मुलींना मराठीत समजावून सांगायची आणि घरी येऊन आईला ऐकवायची.

आईला सगळ्यात जास्त राग यायचा तो मी महिन्याचे चार दिवस पाळत नाही म्हणायची त्याचा. आमच्या घरी तेव्हा बाईने त्या दिवसांत वेगळं बसायचं, कुणाला शिवायचं नाही, स्वयंपाकघरात जायचं नाही. मी आईला म्हणायची, हे रक्त तेच, बोट कापल्यावर येतं तेच, त्याने काही विटाळ होत नाही. एकदा तर त्या दिवसांत मी मुद्दाम लोणच्याच्या बरणीत हात घातला आणि नंतर सांगितलं. आई जेवली नाही. आक्का तेव्हा माहेरी आली होती. तिने बरणीतली फोड काढून चाखली आणि आईला म्हणाली, ‘न्हाय गं नासलेलं. इंग्रजी शिकलेल्याचा इटाळ बरणीला कळत न्हाय वाटतं.’ आईलाही हसू आलं. मी मात्र जिंकल्यासारखी आठ दिवस वावरत होते.

हे मी तुला करमणूक म्हणून सांगत नाही. पुढे याचं काम आहे.

आक्काचं पहिलं मूल म्हणजे तुझी आई. गुटगुटीत, गोरी, रडकी. तिच्यात काहीच खोट नव्हती. दोन वर्षांनी निपाणीलाच मुलगा झाला. जन्मला तेव्हा बरा होता, दुसऱ्या दिवशी पिवळा पडायला लागला. डोळ्यांचे पांढरे भाग, तळवे, नखं. आक्का मला नंतर सांगायची, हळद लावून आंघोळीला घेतल्यासारखा दिसत होता. तिच्या सासूबाईंनी कावीळ उतरवणाऱ्याकडून माळ आणली. लहान लहान काड्यांची ती माळ डोक्यात घालतात, आणि कावीळ उतरेल तशी ती लांबत गळ्यात येते, मग पोटापर्यंत येते, असा समज. चौथ्या दिवशी मूल गेलं. माळ अजून त्याच्या कपाळावरच होती.

त्यानंतरचं मूल पोटातच गेलं. सुजलेलं जन्माला आलं, असं सुईणीने सांगितलं. आक्काला दाखवलं नाही. मग जो तो कारण सांगायला लागला. कुणी म्हणे वखारीतल्या तंबाखूच्या धुळीने, कुणी म्हणे नजर, कुणी म्हणे पहिली मुलगीच पाठच्यांना खाते. हे शेवटचं ऐकल्यावर आक्काने तुझ्या आईला उचललं आणि महिनाभर माहेरी येऊन राहिली. दाजी दर रविवारी यायचे, ओसरीवर बसायचे, मुलीला मांडीवर घ्यायचे आणि आईच्या हातचा चहा पिऊन संध्याकाळच्या मोटारीने परत जायचे. कुणाला दोष देणारा शब्द त्यांच्या तोंडून गेला नाही. ते फारसे बोलणारे नव्हतेच. आक्का म्हणायची, ‘ह्यांच्या पोटात शब्द ऱ्हात्यात, भाईर येतोय फक्त खोकला.’

चौथ्या वेळी तिला सातव्या महिन्यातच खासबागेत आणलं. जागा बदलली तर बरं होईल असं सगळ्यांना वाटत होतं. लढाई संपली त्याच वर्षाची गोष्ट. आठवा महिना संपत आला होता. एका सकाळी ती मागच्या दारात पायरीवर बसून तुझ्या आईची वेणी घालत होती. उठायला गेली आणि पायरी लाल झाली.

वडिलांनी शाळेत निरोप पाठवून मला बोलावून घेतलं, निपाणीला तार केली आणि दोन टांगे आणले. दोन का, तर मी त्या दिवशी बाहेरची होते. पहिलाच दिवस. शाळेत जायला आईची हरकत नसायची, तिला ते दिसत नसे. पण पोटुशी, रक्त जाणारी लेक आणि मी एका टांग्यात बसायचं नाही, असं तिने ठामपणे सांगितलं. मी वाद घातला नाही. ती वेळ वादाची नव्हती, असं मी तेव्हा मनाशी म्हटलं. दुसऱ्या टांग्यात एकटी बसून मी मागोमाग गेले, कारण डॉक्टरांशी इंग्रजीत बोलायला घरात वडिलांशिवाय मीच होते आणि वडिलांना एकटं सोडवत नव्हतं.

डॉक्टर लष्करातून नुकतेच परत आलेले होते. त्यांचा छोटा दवाखाना होता, वर चार-पाच खाटा. मूल मेलेलंच निघालं. मुलगी होती. रक्त थांबायला फार वेळ लागला आणि थांबलं तेव्हा आक्काचे ओठ कागदासारखे झाले होते. डॉक्टर बाहेर आले आणि वडिलांना म्हणाले, हिला दुसऱ्याचं रक्त द्यावं लागेल. लढाईत आम्ही पुष्कळांना दिलंय. पण कुणाचंही चालत नाही, जुळलं पाहिजे.

बेळगावात तेव्हा असं काही आमच्या ओळखीत कुणी ऐकलेलं नव्हतं. मी ऐकलं होतं, पुस्तकात वाचलं होतं, म्हणून डॉक्टरांनी काच मला दाखवली. प्रत्येकाच्या बोटातला थेंब काचेच्या पट्टीवर ठेवायचा, त्यात तपासणीचं पाणी घालायचं. जुळत असेल तर थेंब गुळगुळीत राहतो. जुळत नसेल तर नासलेल्या दुधासारखा फाटतो, दाणे दिसायला लागतात. मी ते बघितलं. वडिलांचा थेंब फाटला. आईला पंडुरोग होता, तिच्याच अंगात रक्त कमी, तिचं घेणार नव्हतेच. माझा थेंब गुळगुळीत राहिला. मग त्यांनी आक्काचं आणि माझं एकत्र करून बघितलं. तेही तसंच राहिलं.

डॉक्टर म्हणाले, छान, हिचंच घेऊ.

मला खुर्चीवर बसवलं. तिथली नर्स कानडी होती, पन्नाशीची, भक्कम हातांची. तिने माझ्या दंडाला रबराची नळी आवळली आणि उकळत्या पाण्याच्या भांड्यातून चिमट्याने सुई काढली. ती सुई तुम्ही आज बघता तसली नव्हती. गोधडी शिवायच्या दाभणाएवढी मला ती दिसली. नर्सने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि हळूच म्हणाली, ‘हेदरबेड, तंगी.’ घाबरू नको, धाकट्या बहिणी. म्हणजे माझ्या तोंडावर ते दिसत होतं.

तेवढ्यात आई दारात आली. तिने खुर्ची बघितली, माझा दंड बघितला आणि वडिलांना म्हणाली की हे चालायचं नाही. आज हिचा पहिला दिवस आहे. हिला शिवायची बंदी, आणि हिचं रक्त थोरलीच्या अंगात घालता? तिला बाधलं तर? दोन मुलं गेली, हे तिसरं गेलं, आता तीही जाईल.

आई दुष्ट नव्हती, हे लिहून ठेवते. ती जे बोलली ते आक्काच्या काळजीने बोलली. तिचा त्यावर पुरता विश्वास होता.

डॉक्टरांनी हे असलं पुष्कळ ऐकलं असावं. ते चिडले नाहीत. माझ्याकडे वळून इंग्रजीत म्हणाले की तुम्ही शिकलेल्या आहात, याला काही अर्थ नाही हे तुम्हीच आईंना समजावून सांगा. तुमचं ऐकतील.

आई माझं ऐकत नसे, पण त्या दिवशी ऐकलं असतं. मला माहीत आहे. मी नुसतं ‘आई, बस बाजूला’ म्हटलं असतं तरी ती बसली असती, इतकी ती खचली होती. सगळी उत्तरं मला पाठ होती. बरणीच्या वेळी दिलेली. मी सुईकडे बघितलं. आणि म्हणाले, ‘आई म्हणते तसं करू या.’

आणि हात मागे घेतला. नर्सला नळी सोडावी लागली.

खाटेवर आक्का डोळे मिटून होती असं मला वाटत होतं. ते मिटलेले नव्हते.

डॉक्टरांनी नर्सला सुई परत भांड्यात टाकायला सांगितली. मग वडिलांना म्हणाले की मी मिठाच्या पाण्याची बाटली लावतो आणि अर्धा तास थांबतो. त्यानंतर कुणाला विचारणार नाही, समोर दिसेल त्याच्या हातात सुई घालीन. तो अर्धा तास मी जिन्यात उभी होते. मनात एक गोष्ट चालली होती ती लिहिते, कारण ती लिहिण्यासाठीच हे कागद काढले आहेत. मी देवाला विनवत होते की दाजी लवकर येऊ देत.

आणि ते आले. त्या काळात पेट्रोल मिळत नव्हतं, निपाणीच्या मोटारी कोळशाच्या गॅसवर चालायच्या. मागे भट्टी लावलेली, तवंदीच्या घाटात चढ आला की उतारूंनी उतरायचं आणि मागून ढकलायचं. दाजींचं धोतर गुडघ्यापर्यंत काळं झालेलं होतं, हातही काळे. काय झालं ते वडिलांनी दोन वाक्यांत सांगितलं. दाजींनी कोट काढला, बाही वर केली आणि डॉक्टरांना म्हणाले, ‘माझं घ्या. लागंल तेवढं घ्या.’

काचेवर थेंब ठेवला. गुळगुळीत राहिला. आक्काच्या रक्तात मिसळला, तरी गुळगुळीत. डॉक्टरांनी दोनदा बघितलं. आईने पदर डोळ्यांना लावला आणि म्हणाली, नवऱ्याचंच जुळलं, देवाने जोडा बघूनच बांधलाय.

दाजींचं रक्त काढून बाटलीत घेतलं आणि ती खाटेशेजारी टांगली. आक्काने बाटलीकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. बारीक आवाजात मला म्हणाली, ‘आता माझ्या अंगाला जर्द्याचा वास येणार बघ.’ दाजी हसले. त्यांचा दंड फडक्याने बांधलेला होता. त्या दोघांना एकमेकांकडे बघून हसताना मी शेवटचं तेव्हा बघितलं.

पाव बाटली गेली असेल नसेल, तिला थंडी भरली. नर्सने घोंगड्या घातल्या, गरम पाण्याच्या बाटल्या पायाशी ठेवल्या. रक्त देताना हुडहुडी भरते, असं डॉक्टर म्हणाले, आणि तेव्हा खरंच तसं पुष्कळदा व्हायचं. मग ती म्हणाली कंबर मोडतेय. मग म्हणाली, थांबवा. डॉक्टरांनी लगेच थांबवलं. पण जे गेलं होतं ते गेलं होतं. दुसऱ्या दिवशी तिला लघवी झाली ती काताच्या पाण्यासारखी. नंतर झालीच नाही. तिसऱ्या दिवशी तिचे डोळे पिवळे झाले. सासूबाई निपाणीहून आल्या, तिच्याकडे बघितलं आणि भिंतीला टेकून खालीच बसल्या. तिच्या मुलाचा रंग त्यांनी बघितलेला होता.

आठ दिवस ती होती. अधूनमधून शुद्धीवर असायची. सातव्या दिवशी दुपारी आई आणि दाजी जेवायला गेले होते, मी तिच्याजवळ एकटी होते. चौथा दिवस होऊन नहाणं झालेलं होतं, त्यामुळे आता तिला शिवायला मला परवानगी होती. मी तिचा हात धरून बसले होते. तिने डोळे उघडले आणि मला विचारलं, ‘भ्यालीस व्हय गं?’

मी मान हलवली.

‘मला ठाऊक हाय,’ ती म्हणाली. ‘मी धराय पाहिजे हुतं तुला.’

तिच्या आवाजात राग असता तर मला बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी ती गेली.

बाळंतपणात गेली, असं सगळ्यांनी म्हटलं. आईने मनात काय म्हटलं मला कळलं नाही. तिने पुन्हा कधी माझ्या पाळण्या न पाळण्यावर एक शब्द काढला नाही, आणि मीही तेव्हापासून पाळायला लागले, अगदी काटेकोर. तिला त्याचं नवल वाटलं. तू आता विचारशील, आजी, तुला तर पटत नव्हतं ना. पटत नव्हतंच.

तुझी आई तेव्हा सहा वर्षांची. ती मला सोडून झोपत नसे. दाजींच्या घरून दुसऱ्या लग्नाची बोलणी सुरू झाली तेव्हा त्यांनी स्वतः एका शब्दाने मला विचारलं नाही. वडिलांनी विचारलं, मी हो म्हटलं. मुलीसाठी, असं सगळ्यांना सांगितलं आणि ते खरं होतं. पण तेवढंच नव्हतं. मला काहीतरी फेडायचं होतं, आणि नक्की काय ते मला तेव्हा माहीतही नव्हतं.

लग्नाला तीन आठवडे असताना डॉक्टरांनी निरोप पाठवून मला बोलावून घेतलं. त्यांच्या टेबलावर इंग्रजी वैद्यकीय मासिक उघडं होतं. लढाईमुळे रखडलेले अंक बोटीने एकदम आले होते. ते म्हणाले, वाचा, तुम्हाला समजेल. मी वाचलं. काही समजलं, काही त्यांनी समजावलं.

तुला थोडक्यात सांगते, कारण तुझ्या डॉक्टरांनी हेच सांगितलं असणार. रक्ताच्या चार गटांपलीकडे आणखी एक खूण असते. बहुतेकांच्या रक्तात ती असते, काहींच्या नसते. आक्काच्या नसावी. दाजींच्या होती. पहिल्या मुलीला ती बापाकडून आली. बाळंत होताना मुलीचे चार थेंब आईच्या रक्तात गेले असतील. आईच्या रक्ताने ते परके म्हणून ओळखले आणि त्यांना मारणारी द्रव्यं तयार केली. तोवर मुलगी सुखरूप बाहेर आलेली. ती द्रव्यं मात्र आईच्या अंगात राहिली. पुढचं प्रत्येक मूल बापाची खूण घेऊन आलं, आणि ती द्रव्यं नाळेतून त्याच्या रक्तावर चालून गेली. म्हणून पिवळं पडलेलं, म्हणून सुजलेलं. तंबाखू नव्हे, नजर नव्हे, तुझी आई तर नव्हेच. आणि काचेच्या थंड पट्टीवर ही द्रव्यं दिसत नाहीत. दोन्ही थेंब मुकाट्याने शेजारी राहतात.

डॉक्टर म्हणाले की मी तिला बाळंतपणं किती झाली ते विचारलं, मुलांचं काय झालं ते विचारलं नाही. विचारलं असतं तरी त्या वेळी मला अर्थ कळला नसता. मग खिडकीकडे बघत म्हणाले, तिला द्यायला साऱ्या गावात सगळ्यांत वाईट रक्त होतं ते तिच्या नवऱ्याचं.

मी विचारलं, माझं दिलं असतं तर?

त्यांनी सांगितलं की सांगता येत नाही. सख्ख्या बहिणी आहात, तुमच्यातही ती खूण नसण्याची शक्यता बरीच आहे. नसली, तर तुमचं तिला चाललं असतं. ही शंका मनात ठेवून लग्न करा, असंही म्हणाले. पहिलं मूल नीट होईल, पुढचं सांभाळून. दाजींना तुम्ही सांगता की मी सांगू, असं त्यांनी विचारलं. मी म्हणाले, मी सांगते.

लग्न बेळगावातच झालं, साधं. दुसऱ्या दिवशी आम्ही मोटारीने निपाणीला निघालो. तुझी आई माझ्या मांडीवर झोपली होती. तवंदीच्या घाटात इंजिन तापलं आणि ड्रायव्हरने पाणी घालायला गाडी थांबवली. उतारू खाली उतरले. आम्हीही उतरलो, मुलीला यांनी खांद्यावर घेतलं. दुपार होती, वारा होता. मी ठरवलं होतं की निपाणी यायच्या आत सांगायचं. तोंड उघडणार, तोवर तेच बोलले. एवढं सलग बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

‘त्या दिवशी हितंच गाडी बंद पडलीती,’ ते म्हणाले. ‘सगळ्यांस्नी म्हणालो, ढकला, माझी बायकू तिकडं मरतीया. लोकांनी ढकलली. वाटलं, पोचतोय का न्हाय. पर येळेत पोचलो. तिला माझं रक्त देता आलं. वाचली न्हाय ती, पर मी येळेत पोचलो, एवढंच धरून जगतोय बघ. व्हय का न्हाय?’

वेळेत. अर्धा तास उशीर झाला असता तर डॉक्टरांनी माझ्या हातात सुई घातली असती. ते घाटात अडकून पडले असते तर आक्का कदाचित जगली असती. त्यांच्या खांद्यावर तिची मुलगी झोपलेली होती आणि ते माझ्याकडे बघत होते.

मी म्हणाले, ‘व्हय.’

त्यानंतर त्यांच्यासोबत मी सव्वीस वर्षं संसार केला. सांगितलं नाही. त्यांना जपण्यासाठी, असं मी स्वतःला सांगत आले. पण त्यांना सांगायचं तर ‘माझं का घेतलं, तुझं का नाही’ हा पुढचा प्रश्न त्यांनी विचारला असता, आणि त्याचं उत्तर द्यायचं धैर्य मला नव्हतं. त्यांच्या दंडावरची सुईची खूण एव्हाना दिसतही नव्हती, पण तिथे ते आंघोळीनंतर अंगठा फिरवायचे. शेवटच्या आजारातही फिरवत होते.

तुझा मामा पोटात असताना माझं रक्त बर्फात घालून मुंबईला पाठवलं. पंधरा दिवसांनी कार्ड आलं. खूण नाही. मी आक्कासारखीच. माझं तिला चाललं असतं. कार्ड वाचून मी ते चुलीत घातलं आणि भात उतू जात होता तो उतरवला. तुझ्या मामानंतर आम्ही मूल होऊ दिलं नाही. तेव्हा हे इंजेक्शन जगात कुठेच नव्हतं. आक्काच्या पहिल्या बाळंतपणाच्या वेळी असतं, तर तुझ्या आईला एक भाऊ आणि आणखी दोन भावंडं असती, आणि भिंतीवरच्या फोटोतली बाई आज ऐंशीच्या घरात असती आणि मी तिला आजीबाई म्हणून चिडवलं असतं.

तुझ्या डॉक्टरांना एवढं सांग. आईची आई. पहिलं मूल निरोगी, दुसऱ्याला जन्मानंतर कावीळ, तिसरं आणि चौथं मृत. नंतर नवऱ्याचं रक्त दिलं, आठव्या दिवशी मृत्यू. आईच्या आईची बहीण निगेटिव्ह. हे वेगळ्या कागदावर इंग्रजीत लिहून सोबत जोडलं आहे, तो कागद त्यांना दे. हा त्यांना द्यायची गरज नाही.

आणि ते इंजेक्शन घे. मी तिथे असते तर तुझं तोंड माझ्या पोटाशी धरलं असतं. सुईकडे बघायचं नसेल तर मान वळव, डोळे मीट, नर्सला सांग भीती वाटते म्हणून. पण हात मागे घेऊ नकोस.